तिसऱ्या बटणाशिवाय पंचगंगा

मल्लेश हुक्केरी सरांनी सिंफनी लिहायला घेतली ती काही दैवी प्रेरणा झाली म्हणून नव्हे. भडंगाचा बकाणा तोंडात असताना माणसानं शिक्षकांच्या बैठकीत बोलू नये, एवढं साधं पथ्य त्यांनी पाळलं नाही, म्हणून.

शाळेला पंच्याहत्तर वर्षं होत होती. कोल्हापुरात कुठलीही गोष्ट पंच्याहत्तर वर्षं टिकली की तिचा सत्कार होतो, मग ती तालीम असो, मिसळीचं हॉटेल असो, नाहीतर भाऊबंदकीचा खटला असो. मुख्याध्यापिका अनुजा शिंत्रे बाई समारंभाचा आराखडा वाचत होत्या आणि वाचता वाचता शाळेच्या बँडपाशी आल्या. शाळेच्या बँडला एकच धून येत होती. झेंडा चढवताना ती वाजायची, पाहुणे आले की वाजायची, पाहुणे गेले की वाजायची, आणि मागं एकदा जुने चेअरमन वारले तेव्हाही वाजली होती, फक्त जरा सावकाश. बाईंचं म्हणणं असं, की यंदा मोठा समारंभ आहे, मोठे अधिकारी येणार आहेत, तेव्हा स्पीकरवर कुठल्यातरी चांगल्या बँडचं रेकॉर्डिंग लावावं आणि मुलांनी वाद्यं नुसती तोंडाला लावून उभं राहावं. लांबून काही कळत नाही. हे जमलं तर पुढंही तसंच करावं, म्हणजे बँडची खोली डिजिटल कक्षाला देता येईल.

सरांना हे लागलं. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. पण गल्लीच्या भजनात पेटी वाजवतात हे कुणालातरी कळलं होतं आणि तेव्हापासून बँड त्यांच्या गळ्यात होता. अलीकडं त्यांना मोबाइलवर परदेशी शाळांचे बँड बघायचा नाद लागला होता. तिथं त्यांना एक अजब गोष्ट कळली होती. जगात असे संगीतकार आहेत, की जे जन्मभर फक्त शाळेतल्या पोरांसाठी लिहितात. त्यांच्या रचनांना इयत्ता असतात. यंदाच वाद्य हातात धरलेल्या पोरांसाठी पहिली, त्यात मोजकेच सूर. आणि शाळा सोडून चाललेल्यांसाठी पाचवी, त्यात सगळं आभाळ. सरांना ही गोष्ट इतकी आवडली होती, की ती कुणालातरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. घरी बायकोला, पूर्णिमाबाईंना, सांगून झालं होतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि दळण आणायला पाठवलं होतं.

म्हणून बैठकीत ते बोलले. त्या संगीतकारांचं, त्यांच्या सिंफन्यांचं सांगितलं, आणि शेवटी ‘आपल्या पोरांसाठी कुणी लिहून देतो का बघू’ असं त्यांना म्हणायचं होतं. भडंगातून बाहेर पडलं ते फक्त ‘लिहून देतो’.

चेअरमन उदयसिंहरावांनी टेबलावर थाप मारली. सिंफनी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण शब्द भरदार होता. दोनच दिवसांत चौकात फ्लेक्स लागला: ‘विज्ञाननिष्ठ संगीतकार श्री. मल्लेश हुक्केरी यांची स्वरचित भव्य सिंफनी’. फोटो सरांच्या जुन्या ओळखपत्रावरचा होता. त्यात ते पोलिसांना हवे असलेल्या माणसासारखे दिसायचे. पूर्णिमाबाईंना ही बातमी फ्लेक्सवरूनच कळली. त्या बँकेतून घरी आल्या, चप्पल काढली आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, खाली तुमचं वय लिहिलेलं नाही, त्यामुळं वाढदिवस नाही. मग काय केलंय तुम्ही?”

आता माघार घेणं शक्य नव्हतं. चौकातल्या फ्लेक्सवर चढलेला माणूस फार तर वाऱ्यानं खाली येतो, स्वतः उतरत नाही.

सरांनी विषय ठरवला पंचगंगा. घर शुक्रवार पेठेत, नदी हाकेच्या अंतरावर, त्यामुळं प्रेरणा चालत जाऊन आणता येण्यासारखी होती. भाग चार: उगम, संगम, पूर आणि घाटावरची संध्याकाळ. इयत्ता अर्थातच पाचवी. पहिलीची रचना लिहिणं हे एम.एस्सी. झालेल्या माणसाला शोभलं नसतं. मोबाइलवर एक ॲप घेतलं. त्यात नुसतं टिंब ठेवलं की पाहिजे ते वाद्य वाजायचं. सरांनी त्यात ओबो वापरला, फ्रेंच हॉर्न वापरला, मोठमोठी नगारेवजा टिंपनी वापरली. ॲपमध्ये पंचगंगा अशी काही वाहिली, की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं शाळेच्या पटांगणावर ती वाहिली तेव्हाही आलं, पण त्याचं कारण निराळं होतं.

या कामात सल्ला मिळायची कमतरता नव्हती. शेजारचे गुंडूकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुणी नदीला हात घालतोय म्हटल्यावर त्यांना घरात बसवेना. ते येऊन खुर्ची ओढून बसले आणि कुठल्या नदीला कुठलं वाद्य दिलंय याची चौकशी त्यांनी सुरू केली. पंचगंगेत येऊन मिळणाऱ्या नद्या सरांनी वाद्यांत वाटल्या होत्या: कासारीला ट्रंपेट, कुंभीला क्लॅरिनेट, तुळशीला आणि भोगावतीला मिळून बासऱ्या. गुंडूकाकांना हे बिलकूल पटलं नाही.

“भोगावतीला बासरी?” ते म्हणाले. “भोगावती श्रावणात बघितलीया काय कधी? आनि तुळशीला तिच्यात घालून मोकळं झालासा. तिकडची मान्सं गप बसत्यात व्हय?”

सरांनी भोगावतीला ढोल देऊ केला. काका म्हणाले, ढोल दिला तर कासारीवर अन्याय होतो. हा पाणीतंटा बरेच दिवस चालला. शेवटी राहिली पाचवी नदी, सरस्वती. ती गुप्त आहे, दिसत नाही, असं मानतात. गुप्त नदीला कुठलं वाद्य द्यावं यावर काका आणि सर पहिल्यांदाच एकमतानं गप्प बसले.

खालच्या मजल्यावरच्या धोंडुबाईंचा आक्षेप वेगळा होता. सर घरात पेटीवर पुराचा भाग बसवत होते आणि तो खाली थेट त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू जायचा. एक दिवस त्या वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पूर कशाला वाजवताय मास्तर, दोनदा येऊन गेलाय की घरात. भांडी अजून वास मारत्यात. वाजवायचाच असंल तर पाणी वसरतानाचं वाजवा.

सरांच्या आईला, बसम्मांना, हे पटलं. घरात त्यांना अव्वा म्हणत. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं. त्या म्हणाल्या, “मल्ल्या, बाई खरं बोलतीया. पाणी चढताना मान्सं वरडत्यात, मग तुझा ब्यांड कुनाला ऐकू येनार?” अव्वांच्या बोलण्याला उत्तर द्यायची या घरात प्रथा नव्हती. तिसरा भाग ‘पूर’ऐवजी ‘पूर ओसरताना’ झाला. चेअरमनांनी मात्र ॲपवर पुराचा नगारा ऐकल्यामुळं तो ठेवाच म्हणून निरोप पाठवला. मग पूर पुन्हा आला आणि त्यानंतर ओसरला. रचना लांबली.

दरम्यान एक कागदी विघ्न आलं. प्रमुख पाहुणे म्हणून जे अधिकारी यायचे होते, त्यांच्यापुढं सादर होणाऱ्या प्रत्येक गीताचे बोल तीन प्रतींत आधी सादर करावेत, असं त्यांच्या कार्यालयाचं पत्र होतं. सर कार्यालयात गेले. टेबलामागच्या साहेबांना त्यांनी नम्रपणे सांगितलं, की ही सिंफनी आहे, हिला बोल नसतात. साहेबांनी चष्मा काढला.

“बोल नाहीत, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही हे आम्ही ठरवायचं कशावरून?”

सरांनी घरी येऊन सगळी रचना सारेगममध्ये लिहिली, तीन प्रती काढल्या, नेऊन दिल्या. आठवड्यानं त्या परत आल्या. वर शेरा होता, ‘अर्थ स्पष्ट करावा.’ सरांनी मग एक निवेदन लिहिलं, की सदर गीतास शब्द नाहीत, सबब नसलेल्या शब्दांत आक्षेपार्ह असे काही असू शकत नाही. हे मात्र कार्यालयाला आवडलं. मंजुरी आली: ‘शब्दांत किरकोळ दुरुस्ती करण्याच्या अटीवर मान्य.’ सर ती दुरुस्ती कुठं करायची याचा विचार संध्याकाळभर करत बसले. पूर्णिमाबाई म्हणाल्या, झाली म्हणून कळवा.

आणि मग तालमी सुरू झाल्या.

शाळेच्या बँडमध्ये ओबो नव्हता, फ्रेंच हॉर्न नव्हता आणि टिंपनी हे नाव ऐकून पोरं उगाच हसली. होतं ते असं: ढोल, ताशासारखे दोन-चार ड्रम, बासऱ्या, ट्रंपेट, एक क्लॅरिनेट आणि एक युफोनियम. युफोनियम म्हणजे पितळेचा भला थोरला कर्णा, ज्याला सगळी शाळा ‘हंडा’ म्हणायची. ट्रंपेट राजवीरकडं होता. त्याला तीन सूर यायचे: सा, प आणि वरचा सा. मधल्या सुरांशी त्याचं बोलणं नव्हतं. वरचा सा लागला की तो इतका खूश व्हायचा, की कुणी थांबवेपर्यंत सोडायचा नाही. क्लॅरिनेटची तोंडाकडची पत्ती चिरली होती, त्यामुळं कुंभी नदीत बदकं फार आहेत असं वाटायचं. ड्रमवाली पोरं सुरुवातीला ठीक चालायची आणि मग उताराला लागलेल्या उसाच्या ट्रॅक्टरसारखी सुटायची. बासरीवाल्या मुलींचं दुखणं सगळ्यांत अवघड होतं. त्यांच्यापुढं काहीही ठेवलं तरी तिसऱ्या ओळीला त्यातून जुनी झेंड्याची धून बाहेर यायची. त्या मुद्दाम करत नव्हत्या. बोटंच तिकडं वळायची, जसा बाजाराला निघालेला बैल रोजच्या गोठ्याकडं वळतो.

सरांनी पाचवीची रचना तिसरीला आणली. तिसरीची पहिलीला आणली. पहिलीच्या खाली इयत्ता नव्हती, म्हणून त्यांनी बालवाडी सुरू केली. राजवीरला तीनच सूर येतात तर कासारी नदी तीन सुरांतच वाहील, असं ठरलं. संगीताचा असा एकेक अवयव रोज गळत होता आणि सर रोज घरी येऊन ॲपमधली मूळ पंचगंगा हळूच लावून ऐकत होते. माणूस जुने फोटो बघतो, तसं.

‘हंडा’ भूमिकाकडं होता. ही नववीतली पोरगी सकाळी तालमीत कुस्ती करायची, त्यामुळं तो उचलायची ताकद आणि फुंकायचा दम, दोन्ही तिच्यात होतं. पण त्या वाद्याचं तिसरं बटण कित्येक वर्षांपासून बसलेलं. दाबलंच जात नव्हतं. सरांनी त्यात शिवणयंत्राचं तेल घातलं, प्रयोगशाळेतलं ग्लिसरीन घातलं, उन्हात ठेवलं, गुंडूकाकांच्या सल्ल्यावरून कोमट पाण्यातही बुडवलं. बटण ढिम्म. सर तिला रचनेतून वगळायच्या बेतात होते, तेवढ्यात ती म्हणाली, “सर, मला गप उभं ऱ्हायला लावू नका. तसं उभं ऱ्हायचं तर स्पीकरच लावा की.”

सर स्टाफरूममध्ये जाऊन बसले. तिसऱ्या बटणाशिवाय त्या वाद्यातून जे काही सूर निघतात ते त्यांनी एका चिठोऱ्यावर मांडले. फार नव्हते. त्यातल्या त्यात जुळवून त्यांनी मधल्या सुट्टीत, चहा निवायच्या आत, एक लहानशी सावकाश धून लिहिली आणि तिला नाव दिलं सरस्वती. गुप्त नदी होती, गरीब वाद्य होतं, निभलं. एक अडचण मात्र होती. भूमिकाला मात्रा मोजायचा कंटाळा होता. तिनं कधी सुरू करायचं हे तिला काही केल्या कळेना. शेवटी सरांनी सोपी खूण दिली: सगळे थांबले, अगदी चिडीचूप झालं, की तू सुरू कर.

आता लग्नाचा प्रकार. शाळेच्या भिंतीला लागून एक मंगल कार्यालय आहे. त्या दिवशी पटांगणावर पूर चढत होता, म्हणजे तालीम चालली होती, आणि भिंतीपलीकडं वरात येऊन दाराशी थांबली होती. वरातीचा बँड चहाला गेला होता. वऱ्हाड्यांनी ढोल ऐकला आणि त्यांना वाटलं आपलाच बँड पुढं गेला. ते नाचत नाचत भिंतीकडेनं आवाजामागं निघाले. घोडं त्यांच्यामागं आणि नवरदेव घोड्यावर, त्याला विचारतो कोण. शिंत्रे बाईंनी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं तर पटांगणात मुंडावळ्या बांधलेला नवरदेव ध्वजस्तंभाला प्रदक्षिणा घालत होता. सर बँडकडं तोंड करून हात हलवत होते. त्यांना वाटलं, आज पोरं बरी रंगात आलीत.

नवरदेवाला परत नेईपर्यंत मुहूर्त टळायला आला होता. त्याच्यामागोमाग वरातीच्या बँडचे मालक आले, आकाराम मास्तर, मुरगूडचे. लाल कोट, सोनेरी झालरी, मिशीला पीळ. ते भांडायलाच आले होते. गिऱ्हाईक पळवता काय, इथपासून त्यांनी सुरुवात केली. मग समोरची पोरं बघितली, सर बघितले आणि जरा नरमले. ‘हे कुनी बसवलं’ म्हणून विचारलं. सरांनी छाती पुढं काढून सिंफनी म्हणजे काय ते सांगायला घेतलं. आकाराम मास्तरांनी ऐकून घेतलं आणि एकच शंका विचारली.

“समदं झ्याक हाय पावणं. पर ह्यात नवरा उतरनार कुठं?”

सर म्हणाले, यात नवरा नाही. आकाराम मास्तरांना ते पटलं नाही. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी नवरा नसलेलं संगीत वाजवलं नव्हतं. तरीपण सिंफनी हा शब्द त्यांनाही चढला. लग्नं नसतील त्या दिवशी ते तालमीला येऊन बसायला लागले आणि दर भागानंतर नवरा इथं उतरवला तर बरा, अशी जागा दाखवायला लागले. ‘संगम’ या भागात तर त्यांना तीन जागा सापडल्या.

समारंभाच्या आदल्या दिवशी बँडच्या गणवेशांची पेटी उघडली. उंदरांनी आतून त्यांचा स्वतःचा अमृतमहोत्सव साजरा केला होता. बाईंनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा स्पीकरचा विषय काढला. आकाराम मास्तर म्हणाले, काळजी करू नका, माझे कोट हाईत की. कोट आले. पोरांना ते गुडघ्यापर्यंत आले, बाह्या दुमडाव्या लागल्या. भूमिकाला तेवढा बरोबर बसला. सरांचा लग्नातला ब्लेझर पोटावर मिटेना. मग आकाराम मास्तरांनी मोठ्या मनानं आपला खासा कोट काढून दिला. पुढून तो एखाद्या संस्थानिकाचा वाटायचा. पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘आकाराम ब्रास बँड, मुरगूड’ असं होतं आणि त्याखाली मोबाइल नंबर, लांबून वाचता येईल असा. सरांना ती पाठ दाखवायचं धाडस कुणी केलं नाही. आणि बँडपुढं उभा राहणारा माणूस प्रेक्षकांकडं पाठ करून उभा असतो, हे तर जगजाहीर आहे.

समारंभाला पटांगण भरलं होतं. पुढच्या रांगेत अधिकारी, चेअरमन. मागं सगळी पेठ. पूर्णिमाबाई, अव्वा, गुंडूकाका, धोंडुबाई एका ओळीत बसले होते. निवेदिकेनं घोषणा केली, की आता सिंफनी सादर होत आहे, गायक मल्लेश हुक्केरी. सर पुढं आले, वाकून नमस्कार केला, वळले. पाठ दिसताच मागच्या रांगांतून शिट्टी आली. सरांना ती दाद वाटली. छडी म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतली काचेची कांडी आणली होती. ती त्यांनी उचलली.

सुरुवात चांगली झाली, हे सांगितलंच पाहिजे. राजवीरनं तीनही सूर आपापल्या जागी ठेवले. क्लॅरिनेटला नवी पत्ती मिळाली होती, बदकं उडून गेली होती. सरांना क्षणभर वाटलं, की जमतंय. मग बासऱ्या आल्या. पहिली ओळ बरी गेली, दुसरी बरी गेली, आणि तिसऱ्या ओळीला तुळशी-भोगावती दोघी मिळून पात्र सोडून निघाल्या, थेट झेंड्याच्या धुनेत.

ती धून ऐकून मोठी झालेली माणसं समोर बसली होती. कानावर पडली तशी ती सवयीनं उठून उभी राहिली. आधी माजी विद्यार्थी, मग शिक्षक, मग सगळी पेठ. अधिकाऱ्यांनी मागं बघितलं, सगळे उभे; तेही उठले. चेअरमन उठले. कुणीतरी हात कपाळाला लावला. ड्रमवाल्या पोरांना समोर लोक उभे दिसले, म्हणजे झेंडाच चढतोय, म्हणून त्यांनी संचलनाचा ठेका धरला. सरांना पाठीमागचं काही दिसत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की आपली सिंफनी आपल्या हातातून निसटून चाललीय. नदी पात्रात वळवावी तशी ते दोन्ही हातांनी ती वळवायला लागले. त्या झटापटीत कांडी लोखंडी स्टँडवर आदळली आणि फुटली.

काच फुटल्याचा आवाज झाला तशी सगळी पोरं एकदम थांबली. पटांगणात चिडीचूप. सरांच्या हातात कांडीचा बोटभर तुकडा. कोटाच्या आत घामाच्या धारा. शिंत्रे बाईंनी स्पीकरवाल्याकडं बघितलं.

आणि भूमिकानं ‘हंडा’ तोंडाला लावला. सगळे थांबले होते, अगदी चिडीचूप झालं होतं. तिला दिलेली खूण हीच होती. बाकी काय बिघडलं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

चहा निवायच्या आत लिहिलेली ती धून पटांगणावर आली. आवाज जाड होता, पण गोल होता, विहिरीतून यावा तसा. थोडेच सूर, सावकाश. उभी असलेली माणसं तशीच उभी राहिली. बसावं असं कुणाला वाटलं नाही. सर हात खाली घालून नुसते ऐकत उभे होते. त्यांना राहून राहून नवल वाटत होतं, की हे आपण लिहिलंय. तिसरं बटण असतं तर त्यांनी यात आणखी चार-पाच सूर नक्की घुसडले असते. मधेच बासरीवाल्या मुली आपल्या आपण तिच्यामागं आल्या, हळू. राजवीरला आता वरचा सा घ्यायचा होता. सरांनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं घेतला आणि, आश्चर्य म्हणजे, सोडला.

धून संपली. पुराचा भाग राहिला, ओसरायचा राहिला, घाटावरची संध्याकाळ तर उजाडलीच नाही. टाळ्या मात्र पडल्या, बराच वेळ. सर प्रेक्षकांकडं वळले तेव्हा त्यांना कळलं, की अख्खं पटांगण उभं आहे.

चेअरमन भाषणात म्हणाले, की आपण पुष्कळ संगीत ऐकलं, पण लोकांना खुर्चीवरून उठवणारं संगीत आज पहिल्यांदा ऐकलं. अधिकारी म्हणाले, शब्दांत केलेली दुरुस्ती योग्य वाटते. शिंत्रे बाईंनी स्पीकरचा विषय परत काढला नाही आणि बँडच्या खोलीची किल्ली सरांच्याकडंच राहिली. गुंडूकाकांनी वाटेतच गाठून भोगावतीवर अन्याय झाल्याचं नोंदवलं. अव्वांनी धोंडुबाईंचा हात धरला होता आणि दोघी हळूहळू घरी चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सरांचा, पाठमोरा. खाली ओळ: ‘शाळेच्या अमृतमहोत्सवात आकाराम बँडचे सुरेल वादन.’ नंबर स्वच्छ वाचता येत होता. सरांनी पेपर घडी करून कपाटात वर ठेवला. पूर्णिमाबाईंनी तो काढून पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, “पाठ बरी आलीय. पुढून त्या फ्लेक्ससारखा आला असता.”

सरांनी ठरवलं, की झालं तेवढं पुरे. विज्ञान बरं. त्यात निदान तीच कृती केली की तोच परिणाम येतो. ॲप मोबाइलवरून काढून टाकलं. पेटी भजनापुरती.

आठ-दहा दिवसांनी, सर दहावीच्या वह्या तपासत बसलेले असताना, फोन वाजला. मलकापूरहून एका शाळेतल्या बाई बोलत होत्या. त्यांनी फोटोतल्या नंबरवर फोन केला होता. आकाराम मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, की नवरा असला तर मी, नसला तर सर. बाई जरा संकोचून बोलत होत्या. त्यांच्या शाळेत दोन बासऱ्या आहेत आणि एक ढोल. म्हणजे बँड म्हणायचा का नाही तेच कळत नाही. स्नेहसंमेलन जवळ आलंय. त्यात ढोलवाली मुलगी सायकलवरून पडून तिचा हात मोडलाय, प्लास्टर घातलंय, पण ती ढोल दुसऱ्या कुणाला द्यायला तयार नाही, रडतीये. एवढ्याशासाठी कुणी लिहीत नसेल, हे त्यांना माहीत आहे. तरी विचारून बघितलं.

आतल्या खोलीत पूर्णिमाबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. सरांनी नकार कसा द्यायचा याचं वाक्य मनात जुळवलं होतं, चांगलं जुळलंही होतं. त्यांनी समोरची वही मिटली, पेनाचं टोपण काढलं.

“हात कुठला,” त्यांनी विचारलं, “डावा का उजवा?”